डोंबिवली ते ऑकलंड, चालत

मुंबई ते ऑकलंड हे हवाई अंतर बारा हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात, त्या हिशेबाने दोन हजार पन्नास टप्पे झाले. हे गणित मी किराणाच्या यादीच्या मागे करून बघितलं आणि लगेच जावयाला फोन लावला, कारण त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'आई, फक्त सतरा तासांचा प्रवास आहे.'

त्या 'फक्त'शी माझं भांडण आहे. खोपटच्या एसटी आगारात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अठरा चौकशीच्या खिडकीत काढली. त्या खिडकीत माणसं दोनच गोष्टी विचारतात, किती लांब आहे आणि किती वेळ लागेल. मी अंतर सांगितलं, वेळ सांगितली, घाट बंद असेल तर तेही सांगितलं, पण 'फक्त' असं कधी कोणाला म्हटलं नाही. कडेवर तापलेलं मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईचे साडेचार तास आणि लग्नाला निघालेल्या माणसाचे साडेचार तास वेगळे असतात. हे ज्याला कळत नाही त्याने चौकशीच्या खिडकीत बसू नये.

"सतरा तास कुठून कुठे?" मी जावयाला विचारलं.

"मुंबई एअरपोर्ट ते ऑकलंड एअरपोर्ट, आई."

"मी एअरपोर्टवर राहते का? मी डोंबिवलीत राहते. पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. आणि तुम्ही दोघंही तिथल्या एअरपोर्टवर राहत नाही."

तो हसला. स्वभावाने गरीब आहे बिचारा. "बरं, चोवीस धरा," म्हणाला. मी यादीवर चोवीस लिहिलं. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आणि आई, तुमच्यासाठी व्हीलचेअर टाकली आहे. तिकिटातच आहे ती."

"का? कोणाला काय झालंय?" मी विचारलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या डोंबिवलीत, ठाण्यात, कल्याणला, ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आईवडिलांमध्ये ही एक रीतच पडून गेली आहे. मुलं तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवतात. पाय दुखतात म्हणून नव्हे, इंग्रजी येत नाही म्हणून. खुर्चीत बसलं की ढकलणारा माणूस सगळ्या रांगा चुकवून, सगळे कागद दाखवून, थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो. कुठे तोंड उघडावं लागत नाही. संध्याकाळी देवळाच्या आवारात बाकावर बसणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनी मला हेच सांगितलं. "अगं, लाजायचं काय त्यात? मी तर तीनदा गेले तशी. उतरलं की उठायचं आणि चालायला लागायचं," असं मला सांगणारी बाई रोज सकाळी पाच किलोमीटर फिरते.

त्यांना ती सोय वाटते, तर त्यांनी खुशाल बसावं. मला पटत नाही. भाषा येत नाही तर भाषेची सोय करा. एखादं बोलणारं माणूस द्या, हिंदीत चार पाट्या लावा. भाषा येत नाही म्हणून माणसाचे पाय काढून घ्यायचे, ही कुठली पद्धत? बरं, मला इंग्रजी अगदीच येत नाही असंही नाही. अक्षरं वाचते, आकडे वाचते, समोरचा सावकाश बोलला तर निम्मं कळतं. बोलायला गेलं की तोंडात मराठीच येतं, तेवढीच काय ती अडचण.

"काढून टाक ती खुर्ची," मी जावयाला बजावलं. तो 'हो हो' म्हणाला. काढली मात्र नाही.

खरं तर मी जूनच्या मध्यावर जाणार होते. आमच्याच बिल्डिंगमधलं एक जोडपं त्याच सुमारास त्याच गावी आपल्या मुलाकडे निघालं होतं, त्यांच्यासोबत. मुलीचं बाळंतपण जूनच्या शेवटाला होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सोमवारी तिचा फोन आला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, गुरुवारी सकाळी साडेअकराला ऑपरेशन करणार आहेत. हे सगळं तिने बातम्या वाचाव्यात तसं सरळ आवाजात सांगितलं. ती लहानपणापासून घाबरली की अशीच बोलते.

हे तिचं पहिलं मूल. पहिलं म्हणायचं, पण त्याच्या दोन वर्षं आधी एकदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा ती तिथे होती, मी इथे होते आणि मधे फोन होता. ती रडत होती आणि मी "होईल गं सगळं नीट" हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोन ठेवल्यावर मला स्वतःची अशी काही चीड आली की मी ओट्यावरची धुतलेली भांडी परत घासायला घेतली. पुढच्या वेळी आपण तिच्याजवळ असायचं, हे मी त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

"गुरुवारी सकाळी मी तिथे आहे," मी तिला सांगितलं. यजमान असते तर त्यांनी आधी रजा, मग पैसे, मग हवामान असा सगळा विचार केला असता. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मी नुसती बॅग काढली.

जावयाने तिकीट बदलून घेतलं. बुधवारी सकाळी साडेआठला मुंबईहून विमान, मधे एका शहरात दीड तास थांबून दुसरं विमान, आणि गुरुवारी सकाळी आठला ऑकलंड. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे चालतं, ते धरून. मधलं विमान चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावर.

बुधवारी पहाटे चार वाजता धाकटा भाऊ कल्याणहून गाडी घेऊन आला. बॅगेत मेतकूट, बाळंतशेपा आणि माझ्या जुन्या साड्यांची शिवलेली दुपटी होती, डिंकाचे लाडू पाठीवरच्या पिशवीत. बॅग त्याने खाली नेली, कारण मी त्याला नेऊ दिली. वाटेत तो म्हणाला, "ताई, जावई सांगत होते खुर्चीचं. बस की गपचूप. कोण बघतंय तिकडे तुला?"

"मी बघतेय ना," मी म्हटलं.

काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. पासपोर्ट बघून गोड हसली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या नावावर व्हीलचेअर आहे. इथे बाजूला बसा, माणूस येईल."

"मला नको आहे."

"अहो, पण बुकिंगमध्ये आहे."

"मग बुकिंगमधून काढ. मी रोज दोनदा तीन मजले चढते-उतरते."

"आजी, मधे विमान बदलायचंय तुम्हाला. दीडच तास आहे. तिकडे खूप लोकांचा गोंधळ होतो."

"गोंधळ डोक्यात होतो ना? मग पायांना कशाला खुर्ची देताय?"

माझ्या मागे मोठी रांग होती. तिने काहीतरी टाइप केलं आणि पास हातात ठेवला. बाजूला सात-आठ खुर्च्या ओळीने लागल्या होत्या आणि त्यांत माझ्याच वयाची धडधाकट माणसं मांडीवर पर्स आणि पिशव्या घेऊन बसली होती. एका बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्यांच्या समोरून जरा जास्तच ताठ चालत गेले, हे कबूल करते.

मधल्या विमानतळाचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात चूक माझी होती, उगाच त्या गावाचं नाव कशाला घ्यायचं? विमान वेळेवर, तिथल्या साडेचारला उतरलं. मी घड्याळ अडीच तास पुढे करून घेतलं. म्हणजे घड्याळाचा घोळ झाला असेल असं कोणाला वाटायला नको. एका काउंटरवर पास दाखवला, तिथल्या बाईने त्यावर पेनाने गेटचा नंबर लिहून दिला. तो नंबर शोधत, पाट्या वाचत मी वीस मिनिटांत तिथे पोचले. सरकत्या पट्ट्यावरही उभी राहिले नाही, त्याच्या बाजूने चालले. गेटचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'पोचले. चालत.'

मग समोरच्या खुर्चीत बसून मी घोषणेची वाट बघायला लागले.

माझं आयुष्य घोषणा करण्यात गेलं आहे. गाडी लागली की मी माइक हातात घ्यायची. कुठली गाडी, कुठल्या मार्गाने, कुठल्या फलाटावर, हे दोनदा सांगायची. फलाट बदलला तर तीनदा, आणि तरी म्हाताऱ्या माणसांना खिडकीतून हात करून दाखवायची. गाडी सुटणार असेल आणि ते लोकांना सांगितलं नसेल, असं माझ्या अठरा वर्षांत झालं नाही. त्यामुळे इथेही कोणीतरी सांगणार, हे मी धरूनच चालले होते. समोरच्या दारातून लोक आत जायला लागले. मला वाटलं, ही आमच्या आधीची गाडी असणार. दार बंद झालं. मला वाटलं, आता आमची लागेल. एवढा मोठा विमानतळ, हजारो माणसं आणि एकदाही कोणी माइकवर बोललं नाही, हे मला विचित्र वाटायला हवं होतं. मला उलट बरं वाटत होतं. किती शिस्त आहे, असं मनात म्हणत मी घरचा दशमीचा तुकडा खात होते.

सहाला दहा कमी असताना मी उठून दारातल्या मुलीला पास दाखवला. तिने पास बघितला, माझ्याकडे बघितलं आणि धावत येऊन मला एका मोठ्या पडद्यासमोर उभं केलं. आमच्या विमानाचं गेट बदललं होतं. तासाभरापूर्वीच. नवं गेट पार दुसऱ्या टोकाला होतं.

मी पळाले. या वयात, साडीत, पाठीला पिशवी लावून जेवढं पळता येतं तेवढी पळाले. पोचले तेव्हा दार लागलेलं होतं आणि काचेतून विमान दिसत होतं. एसटी असती तर हात दाखवून थांबवली असती.

त्या विमानतळावर घोषणा करतच नाहीत, सगळं पडद्यावर येतं, हे मला तेव्हा कळलं. जन्मभर घोषणा केलेली बाई घोषणेची वाट बघत बसली आणि तिची गाडी गेली. आगारात कोणाला कळलं असतं तर हसून हसून लोळले असते. मला हसू आलं नाही. पोरीला मी शब्द दिला होता आणि आपल्या हट्टापायी तो घालवला, एवढंच डोक्यात होतं. खुर्चीवाला माणूस बरोबर असता तर त्याने पडदा वाचला असता. हे माझं मलाच कळत होतं, दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी सावकाश बोलत होती, तरी मला निम्मंसुद्धा कळेना. घाबरल्यावर आहे तेही इंग्रजी पळून जातं. शेवटी जे करायचं नव्हतं तेच केलं, मुलीला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आई? तू विमानात असायला हवीस आत्ता."

"चुकलं गं माझं. गाडी गेली."

"तिथे कोण आहे? फोन दे तिला."

त्या दोघी बोलत राहिल्या. काउंटरवरची मुलगी मान हलवत होती, टाइप करत होती, मधेच माझ्याकडे बघत होती. मी खाली ठेवलेल्या पिशवीचे बंद धरून उभी होते. पाच-सात मिनिटांनी फोन माझ्याकडे आला.

"ऐक नीट. सात दहाला दुसऱ्या कंपनीचं एक विमान आहे, ते मिळालंय. पण दुसऱ्या टर्मिनलवरून आहे. मधे छोटी ट्रेन आहे. हे पकडलंस तर सकाळी नऊ दहाला इथे उतरशील."

"पकडते."

"ती व्हीलचेअर बोलावतेय. ते लोक शॉर्टकटने नेतात. बस त्याच्यात."

"अगं, पण चालत मी..."

"आई," ती म्हणाली. आवाज आता सरळ राहिलेला नव्हता. "ती खुर्ची मी टाकायला सांगितलेली, यांनी नाही. आणि तुझ्यासाठी नव्हती सांगितलेली. तुझे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत, मला माहितेय. माझ्यासाठी होती ती. तू नक्की पोचणार असं कोणीतरी मला सांगावं म्हणून. मी खूप घाबरलेय गं."

इतके दिवस मी ज्या खुर्चीशी भांडत होते ती माझ्या पायांवरचा अविश्वास म्हणून. पोरीची भीती तिच्यात बसलेली आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला ही कशाला हवी आहे म्हणून. सगळ्यांना उत्तरं देत सुटले होते.

"बसते," मी म्हटलं. "तू झोप आता. बसतेच."

सहा वीस झाले होते. नवा पास हातात देऊन मला एका कोपऱ्यात नेऊन बसवलं. तिथे आणखी पाच-सहा माणसं खुर्च्यांची वाट बघत बसलेली होती, सगळी आपल्याकडचीच. शेजारी एक गुजराती बाई होत्या. त्यांनी मला डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "मेरे पैर तो एकदम ठीक हैं बेन, लेकिन बेटे ने लिखवाया है." मी म्हटलं, "मेरी बेटी ने." त्यांच्या डब्यातला खाखरा खाल्ला. सहा पंचवीस झाले. सहा तीस झाले. मी काउंटरकडे बघितलं. त्या मुलीने कोणाला तरी फोन केला आणि मला हाताची पाच बोटं दाखवली.

पाच मिनिटं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. गाडी नक्की कुठे आहे याचा पत्ता नसला की आम्ही खिडकीतून पाच मिनिटंच सांगायचो. दहा म्हटलं तर माणूस चिडतो, आणि माहीत नाही म्हटलं तर भांडतो. सहा पस्तीसला तिने पुन्हा पाच बोटं दाखवली. सहा चाळीसलाही. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिच्या जागी बसलेली आहे म्हणून सांगते.

मी वीस मिनिटं बसले, आणि मुलीसाठी बसले. खुर्ची आली असती तर खाली मान घालून त्यात बसून गेले असते. पण खुर्ची येत नव्हती आणि सात वाजता दार लागणार होतं. पोरीला हवी होती ती हमी आता माझ्या पायांतच उरली होती. मी उठले.

"बेन, बैठो, आएगा," गुजराती बाई म्हणाल्या.

"वो आएगा तब तक मेरी गाडी जाएगी," मी म्हटलं आणि पिशवी पाठीला लावली. काउंटरवरची मुलगी हात हलवत उठली. मी तिला पास दाखवला, त्यावरच्या वेळेवर बोट ठेवलं आणि निघाले. ती मागून काहीतरी म्हणाली. थांबा म्हणाली असेल.

टर्मिनलचा आकडा, गेटचं अक्षर, गेटचा आकडा. तीन गोष्टी मी मोठ्याने घोकत चालले होते. बसच्या पाट्या वाचण्यात जन्म गेलेल्या बाईला तीन गोष्टी जड नाहीत. आता मात्र वाटेत दिसेल त्या प्रत्येक पडद्यासमोर मी थांबत होते आणि नंबर तोच आहे ना, हे बघत होते. छोटी ट्रेन आली, तिला ड्रायव्हरच नव्हता. मला ते पटलं नाही, पण चढले. उतरल्यावर दोन रस्ते फुटत होते आणि पाटी एका खांबाआड गेलेली होती. एक माणूस फरशी पुसत होता. त्याच्यासमोर पास धरला. त्याने पुसण्याचा दांडा भिंतीला टेकवला, माझ्याबरोबर वळणापर्यंत आला आणि हात लांब करून म्हणाला, "सीधा." त्या माणसाचं भलं होवो. एवढा एक शब्द कोणी आपल्या भाषेतला बोललं तर माणूस कुठेही पोचतं, हेच मी पहिल्यापासून सांगत होते.

सहा अठ्ठावन्नला मी दारात उभी होते. छाती भात्यासारखी चालली होती, केसांचा अंबाडा सुटला होता. तिथल्या मुलीने पडद्यावर नाव बघितलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. "व्हीलचेअर?" तिने विचारलं.

"नो व्हीलचेअर," मी म्हटलं. "आय वॉक."

माझ्या आयुष्यात मी इंग्रजीत इतक्या जोरात कधी बोलले नव्हते.

विमानात समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं. आठ हजार, सात हजार, सहा हजार. डाव्या पायाला फोड आला होता तो मी रुमालाने बांधला. झोप लागली नाही. मी रागावलेली होते आणि शरमलेलीही होते, दोन्ही एकदम. विमान माझ्या ताठ्यामुळे चुकलं हे खरं. आणि दुसरं विमान मिळालं ते मी उठले म्हणून, हेही खरं. यातलं एक खोडून दुसरं ठेवायला मी तेव्हाही तयार नव्हते आणि आजही नाही.

नऊ दहाला उतरले. बॅग मागाहून येणार होती, आणि पिशवीतले डिंकाचे लाडू तिथल्या अधिकाऱ्यांनी ठेवून घेतले. एरवी मी तासभर वाद घातला असता, पण तेव्हा डबाच त्यांच्यासमोर ठेवला आणि पुढे निघाले. जावई बाहेर उभा होता, केसही न विंचरता आलेला. त्याने माझ्या पिशवीला हात घातला. मी ती दिली. हॉस्पिटलच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा अकराला दहा कमी होते. घरातून निघाल्याला चोवीस तास वीस मिनिटं झाली होती.

ती पलंगावर बसली होती. अंगात हॉस्पिटलचा पाठीमागून बांधायचा झगा, चेहरा सुजलेला. माझा सुटलेला अंबाडा बघून तिने विचारलं, "खुर्ची मिळाली ना?"

तिला खोटं सांगणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं.

"नाही मिळाली," मी म्हटलं. "वीस मिनिटं बसून वाट बघितली. तुझी शपथ, बसले होते. ती काही आली नाही. मग उठले."

"म्हणजे शेवटी चालतच आलीस?"

"थोडी पळत."

"आणि पडली असतीस तर? वाट चुकली असतीस तर?" ती चिडून म्हणाली. मग हसायला लागली, पोट धरून, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. 'होईल गं सगळं नीट' असं मी या वेळी म्हटलं नाही. तिची पाठ खालपासून वरपर्यंत थरथरत होती आणि माझा हात तिच्यावर होता. फोनमधून हे करता आलं नसतं.

सव्वाअकराला नर्स आली. त्या हॉस्पिटलात ज्याला चालता येतं त्याला ऑपरेशनच्या खोलीपर्यंत चालतच नेतात, पण नर्सने बरोबर एक व्हीलचेअरही आणली होती. कुठलं पाहिजे, असं तिने विचारलं. मुलीने खुर्चीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "बसावंसं वाटत असेल तर बस. त्यात कमीपणा काही नाही."

"कमीपणाचं नाही गं. पाय लटपटतायत माझे."

"मग बस."

तिने खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला. दारातून समोरचा लांब, पांढरा पॅसेज दिसत होता, आणि पॅसेजच्या टोकाला बंद दार.

"तू आलीस ना," ती म्हणाली. "चालते मी."

एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून ती निघाली. माझा फोड फुटला होता, त्यामुळे मी लंगडत होते. ती सावकाश चालत होती, आणि मी तिच्याहून एक पाऊलही पुढे पडू दिलं नाही.